मूकपट खरेच मुका होता का?

— द्वितीय वर्ष कला

सिनेमा ठाऊक नाही असा माणूस आज आपल्या हरसूल भागातही शोधून सापडणार नाही. बाजाराच्या दिवशी जीपच्या टपापासून मोबाइलच्या दुकानापर्यंत सगळीकडे सिनेमाची गाणी वाजत असतात. परंतु ज्या गृहस्थाने हिंदुस्थानात चित्रपटसृष्टीची मुहूर्तमेढ रोवली, तो आपल्याच तालुक्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मला, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असते? त्र्यंबक म्हटले की आपल्याला ज्योतिर्लिंग, ब्रह्मगिरी, गोदावरीचा उगम आणि निवृत्तिनाथांची यात्रा आठवते. ३० एप्रिल १८७० रोजी तेथे धुंडिराज गोविंद फाळके नावाचे मूल जन्मले आणि पुढे त्याने साऱ्या देशाला चित्रे हलताना दाखवली, हे मात्र आठवत नाही.

फाळक्यांचे पहिले चित्रपट मूक होते. त्यांत संवाद नव्हते, गाणी नव्हती. आजच्या तरुणांना असा चित्रपट म्हणजे काहीतरी अपुरा, बाल्यावस्थेतला प्रकार वाटतो. मलाही या विषयाचे वाचन सुरू करण्यापूर्वी तसेच वाटत असे. परंतु जसजसे वाचत गेले, तसतसा एक प्रश्न मनात घर करू लागला. या चित्रपटांना ‘मुका’ कोणी म्हटले? ज्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांनी, की जे तीन-चार आणे देऊन पडद्यापुढे जमिनीवर बसत होते त्यांनी? प्रस्तुत लेखात मूकपटाची थोडक्यात हकीकत सांगून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी अल्पसा प्रयत्न केला आहे.

चित्रे हलतात ती कशी?

प्रथम थोडे तंत्राविषयी. सिनेमाच्या फितीवर चित्र हलत नसते. फितीवर एकापुढे एक अशी स्थिर छायाचित्रे असतात आणि प्रत्येकात पाय, हात, मान यांची जागा किंचित बदललेली असते. ती भराभर डोळ्यांसमोरून गेली की आपले डोळे व मेंदू त्यांना जोडून घेतात आणि माणूस चालल्याचा भास होतो. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. साधारणपणे एका सेकंदाला सोळा चित्रे घेतली जात. नेहमीच्या फितीच्या एका फुटात चित्रेही सोळाच मावतात. म्हणजे एका सेकंदाला एक फूट फीत, असा हा सोपा हिशेब आहे.

जुन्या चित्रपटांतील माणसे तुरुतुरु का पळतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रे हा नियम ठरला. सोळाच्या गतीने टिपलेली फीत चोवीसच्या गतीने दाखवली की साधी चालणारी माणसेही पळू लागतात. त्या काळच्या प्रेक्षकांना ती तशी दिसत नव्हती. आपण त्यांना हसतो तेव्हा दोष त्या चित्रपटाचा नसतो, आपल्या यंत्राच्या गतीचा असतो.

मुंबईतील पहिला खेळ

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपला चलच्चित्रांचा खेळ केला. त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, तोच खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. तिकीट होते एक रुपया. त्या काळी कष्टकऱ्याला हा रुपया केवढा मोठा होता, हे सांगायला नको. म्हणजे सिनेमा आपल्या देशात आला तो प्रथम साहेबाच्या हॉटेलात. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून तिकिटे लागली आणि सामान्य माणसाला आत शिरायला वाट मिळाली.

हे खेळ पाहून ज्यांनी स्वतः कॅमेरा मागवला, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे आपले मराठी छायाचित्रकार अग्रभागी होते. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचा सत्कारही त्यांनी चित्रित केला. त्यानंतर १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. मात्र तो रंगमंचावरील नाटकाचेच चित्रण होता आणि त्याची फीत विलायतेत धुतली गेली होती. म्हणून कथा रचण्यापासून फीत धुण्यापर्यंत सर्व कामे येथेच करून पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याचा मान फाळक्यांकडे जातो.

त्र्यंबकचा धुंडिराज

फाळक्यांचे वडील शास्त्री होते. मुलानेही भिक्षुकी करावी किंवा शास्त्राध्ययन करावे, अशीच त्या घराची रीत. परंतु वडिलांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे नाना उद्योग आत्मसात केले. गोध्र्याला छायाचित्राचे दुकान काढले, ते चालले नाही. जादूचे प्रयोग केले. त्यासाठी आपल्याच आडनावाची अक्षरे उलटीपालटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले. छापखाना काढला, तोही भागीदारांशी न पटल्यामुळे सोडला. चाळिशीला आलेला, मुलाबाळांचा, हातात स्थिर धंदा नसलेला हा गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत लिहून ठेवले आहे. मग रात्रंदिवस चित्रपट पाहणे व त्यावरील पुस्तके वाचणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्याचे धोके सांगितले, परंतु निश्चय पाहून मदतही केली. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांनी काम जवळून पाहिले. विल्यमसनचा कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फीत यांची तजवीज करून एप्रिल १९१२ मध्ये ते परतले.

आता भांडवल हवे होते. परंतु लोकांना पटवायचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून थोड्या थोड्या अवधीने एकेक चित्र घेत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर एका मिनिटाच्या आतबाहेर दिसली. बीज फुटले, कोंब वर आला, वेल चढला. पैसेवाल्याचा विश्वास बसला तो हे पाहून. आम्ही शेतकऱ्यांची मुले नागलीचे रोप रोज पाहतो, पण ते वाढताना कोणी पाहिले आहे? जे रोज डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही ते दाखवणे, ही सिनेमाची ताकद या माणसाने पहिल्याच झटक्यात ओळखली होती. मला तर ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षाही हा वाटाण्याचा वेलच हिंदी सिनेमाचा खरा अंकुर वाटतो.

तारामती कोण होणार?

‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरच्या बंगल्यात सुरू झाले. दत्तात्रय दामोदर दबके हरिश्चंद्र झाले. रोहिदास म्हणून फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. परंतु तारामती मिळेना. घरंदाज स्त्रिया तर सोडाच, गणिकांच्या वस्तीतूनही नकार आला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याआधी, १९१३ मध्येच, ‘मोहिनी भस्मासूर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्यास आरंभ झाला.

येथे आणखी एका स्त्रीचे नाव घेतलेच पाहिजे. सरस्वतीबाई फाळके पडद्यावर आल्या नाहीत. परंतु कच्च्या फितीला काळोखात भोके पाडणे, रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळवणे ही कामे त्यांनी केली, आणि मंडळींतील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. विलायतेच्या खर्चाच्या वेळी अंगावरचे दागिनेही दिले. फीतीला एकसारखी भोके नसतील तर ती यंत्रात पुढे सरकत नाही आणि चित्र थरथरते. हिंदुस्थानातला पहिला चित्रपट थरथरला नाही, त्यामागे रात्री दिव्याशिवाय बसलेल्या एका गृहिणीचे हात आहेत. दादासाहेबांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतात, ते योग्यच आहे. पण जनक म्हटल्यावर जननी कोण, हा प्रश्न आम्हा मुलींनी विचारायला नको का?

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३७०० फूट होती. सुरतेस लोक येईनात, तेव्हा फाळक्यांनी तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे पाहा, अशी जाहिरात केली आणि गर्दी लोटली, असे सांगतात. मी वरील हिशेबाने ३७०० ला १६ ने गुणून पाहिले. उत्तर ५९ हजार २०० आले. म्हणजे जाहिरातदाराने चित्रांचा आकडा फुगवलेला नव्हता! त्याच जाहिरातीत चित्राची लांबी दोन मैल सांगितली होती म्हणतात. ती मात्र एक मैलही भरत नाही. असो. तीन आण्यांत माल किती मिळतो हे पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची नाडी त्यांना कळली होती, हे खरे.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपला सारा संसार व कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासूर’ नाशिकचाच. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. मद्रासकडे ‘लंकादहन’च्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीत भरून, पोलिसांच्या बंदोबस्तात न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. एकंदर सुमारे ९५ चित्रपट व २६ लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात.

शब्दांवाचून गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संवाद नसताना मद्रासचा तमिळ माणूस आणि सुरतेचा गुजराती माणूस नाशिकचा चित्रपट कसा समजून घेत होता? याचे पहिले उत्तर असे की, गोष्ट त्याला आधीच ठाऊक होती. हरिश्चंद्र सत्यासाठी राज्य देणार, हनुमान लंका जाळणार, हे त्याने कीर्तनात, जत्रेत, आजीच्या तोंडून ऐकलेले होते. पुढे काय होणार याची उत्सुकता त्याला नव्हती, कसे होणार हे त्याला पाहायचे होते.

हे वाचताना मला आपल्या भागातला बोहाडा डोळ्यांसमोर दिसू लागला. चैत्र-वैशाखात गावोगाव बोहाडा होतो. गणपती येतो, मोरावर बसून सारजा येते, रावण येतो. तोंडावर मुखवटा बांधलेला असल्यामुळे सोंगाला बोलता येत नाही. संबळ आणि पिपाणी वाजते आणि त्या तालावर सोंग नाचत पुढे येते. पावलांवरून, खांद्याच्या हेलकाव्यावरून, मान टाकण्यावरून लहान पोरालाही कळते की हा राक्षस आहे की देव. बायकांची सोंगेही पुरुषच घेतात. रात्रभर चाललेला हा खेळ मुका आहे असे आपल्याकडे कोणीही म्हणत नाही.

मूकपटाचेही असेच होते. थिएटरात पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन वादक बसत. पडद्यावर युद्ध आले की ठेका चढे, विरह आला की पेटी हळू होई. प्रेक्षक स्वस्थ बसत नसत. राम दिसला की हात जोडत, रावणाला शिव्या देत. एवढा गलबला ज्या खेळात होता त्याला केवळ फितीवर आवाज नाही म्हणून मुका म्हणणे, हे मला अन्यायाचे वाटते.

याची प्रचीती मी घरीच घेतली. ‘कालिया मर्दन’चा बराच भाग आजही उपलब्ध आहे. तो मी मोबाइलवर माझ्या आजीला दाखवला. आजीला अक्षरओळख नाही. तिने आयुष्यात थिएटरात जाऊन चित्रपट पाहिलेला नाही. पडद्यावर कृष्णाने डोहात उडी घेतली. मग एकदा पाण्याखालची झुंज आणि एकदा काठावर आकांत करणारी माणसे, असे आलटून पालटून दिसू लागले. चित्रपटशास्त्रात या जोडणीला मोठे महत्त्व आहे, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी प्रेक्षकाला मनात जोडून घ्याव्या लागतात. आजीला कोणी काही समजावून सांगितले नाही. काठावरच्या बाईकडे बोट दाखवून ती आपल्या बोलीत एवढेच म्हणाली की, ही यशोदा. आईवाचून असे पाण्याकडे कोण धावणार? शंभर वर्षांपूर्वी नाशिकच्या फाळक्यांनी जे सांगितले, ते त्याच जिल्ह्यातील एका निरक्षर म्हातारीला जसेच्या तसे पोचले. मधे एकाही शब्दाची गरज पडली नाही.

पाटी वाचणारा

अर्थात मूकपटात शब्द अजिबात नव्हते असे नाही. दृश्यांच्या मधे मधे मजकुराच्या पाट्या येत. त्यांवर प्रसंग सांगितलेला असे किंवा पात्राच्या तोंडचे वाक्य असे. जेथे चित्रपट जाई तेथली लिपी पाटीवर घातली की झाले. म्हणून मूकपटाला प्रांतांच्या सीमा आड येत नव्हत्या.

परंतु बहुसंख्य प्रेक्षकांना वाचता येत नव्हते. मग ज्याला येई तो मोठ्याने वाचे आणि आजूबाजूचे ऐकत. काही ठिकाणी यासाठी मुद्दाम माणूसही ठेवलेला असे. तो पाटी वाची, भर घाली, पुढचे सांगे. जपानात तर अशा निवेदकांना ‘बेन्शी’ म्हणत आणि नटांइतकीच त्यांची कीर्ती असे. मूकपटाच्या इतिहासात दिग्दर्शकांची नावे येतात, नटनट्यांची येतात. गर्दीत बसून शेजाऱ्यांसाठी पाटी वाचणाऱ्या त्या माणसाचे नाव कोठेही येत नाही. मला मात्र तो फार जवळचा वाटतो.

कारण आमच्या घरात पाटी वाचणारी मी आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. रेशनच्या दुकानावरील सूचना असो, बँकेचा मोबाइलवर आलेला संदेश असो की वनहक्काच्या दाव्याचा कागद असो, वडील तो माझ्यापुढे धरतात आणि मी मोठ्याने वाचते. भोवती काका, काकू, शेजारी जमतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेच चित्र असणार. वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कागदात काय लिहिले आहे तेवढे त्यांना ठाऊक नसते. त्याचा अर्थ, त्यातली खोच आणि त्यामागचा माणूस त्यांना माझ्याआधी कळतो. थिएटरात पाटी ऐकणाऱ्यांचेही तसेच असले पाहिजे. अक्षर एकाचे, समज सगळ्यांची. ज्याला अक्षर येते त्याने स्वतःला शहाणा व इतरांना मुके समजू नये, हा धडा मला मूकपटाने दिला.

पडद्यावर आलेला शेतकरी

मूकपट केवळ देवादिकांपुरता राहिला नाही. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरासुद्धा त्यांनी येथेच तयार केला. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. परंतु माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहराकडे मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला होता. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पावसाळा सरला की द्राक्षबागांच्या कामासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन दिंडोरी-नाशिककडे जाणारी कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो. त्यांना ही गोष्ट समजायला पाटीचीही गरज भासली नसती. दुर्दैवाने तो मूकपट आज उपलब्ध नाही. पेंटरांनी तीच कथा १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केली.

बोलपट आला

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि चित्रपट बोलू लागला. लोकांनी तिकिटांसाठी झुंबड केली. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. गंमत अशी की, त्याचीही कथा हरिश्चंद्राचीच! मूकपटाचा आरंभ ज्या राजाने केला, मराठी बोलपटाची सुरुवातही त्यानेच केली.

परंतु आवाज आला तेव्हा काही गेलेही. भाषा आली तशी प्रांतांची कुंपणे आली. मराठी चित्रपट मराठी मुलखात, तमिळ तमिळ मुलखात, असे वाटप झाले. ज्यांची बोली कोणत्याच चित्रपटात नव्हती, ते पुन्हा ऐकणाऱ्यांच्या रांगेत मागे गेले. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणूनच तयार झाला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. पुढे १९६९ पासून केंद्र सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला, १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झाले. २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला आणि माझ्या पिढीला फाळके ठाऊक झाले ते बहुतेक त्यामुळेच.

राहिले काय?

हिंदुस्थानात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यांपैकी आज जेमतेम तीसेक शिल्लक आहेत आणि तेही पुष्कळसे तुकड्यांत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे तेवढी आहेत, ती सुद्धा १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. बाकीचे गेले कोठे? त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती ठिणगीने भडके, उकाड्याने चिकट होई आणि अखेर तिची भुकटी होई. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फितीवरची चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली गेली. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी चिकाटीने शोध घेतला म्हणून जे थोडे वाचले ते वाचले.

फिती गेल्या, तरी शिकवण राहिली. चेहरा जवळून दाखवणे, दोन ठिकाणच्या घटना एकमेकींत गुंफणे, कॅमेरा थांबवून माणूस अदृश्य करणे ही सारी भाषा मूकपटानेच घडवली. बोलपट आला तरी चार्ली चॅप्लिन कितीतरी वर्षे बोलण्यास तयार नव्हता. १९८७ मध्ये कमल हासन यांचा ‘पुष्पक’ एकाही संवादाशिवाय निघाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

मित्रमैत्रिणींनो, तेराशेतले तीस, हा आकडा वाचून मला आपल्या बोहाड्याची काळजी वाटली. तोही कोठे लिहिलेला नाही. कोणते सोंग कोणत्या घराण्याकडे, त्याचा ताल कोणता, हे जुन्या माणसांच्या अंगात आहे. ती माणसे गेली की रीळ संपले. फितीला आग लागली की धूर तरी दिसतो. हे मात्र कोणाच्या लक्षातही न येता संपेल. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सावेदादांना जो विलायतेहून मागवावा लागला आणि फाळक्यांना ज्यासाठी पॉलिसी गहाण ठेवाव्या लागल्या, तो आपल्याला फुकटात हाताशी आहे.

म्हणून शेवटी आपल्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळापुढे एक सूचना ठेवते. ३ मे ही ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रदर्शनाची तारीख आहे आणि बोहाड्याचा हंगामही साधारण तोच. त्या सुमारास एका संध्याकाळी महाविद्यालयाच्या पटांगणात पांढरा पडदा लावून ‘कालिया मर्दन’ दाखवावा. केवळ विद्यार्थ्यांना नको, आजूबाजूच्या पाड्यांवरील आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवावे. पेटी-तबल्याच्या जागी आपल्या गावचे संबळ-पिपाणीवाले बोलवावेत. आणि मधल्या पाट्या कोणीतरी उभे राहून आपल्या बोलीत मोठ्याने वाचाव्यात. वाचायला मी तयार आहे.